ज्वारीच्या कण्यांची बिअर : छत्रपती संभाजीनगरला छोटी ब्रुअरी उभी करताना

छत्रपती संभाजीनगरला बिअर नवीन नाही. देशात बिअर विकणाऱ्या बड्या कंपन्यांचे कारखाने इथल्याच एमआयडीसी पट्ट्यात आहेत. मायक्रोबायॉलॉजी करून, मग मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यनिर्मितीचं शिक्षण घेऊन मी अशाच एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. मोठ्या कंपनीची बिअर वाईट असते असं मी कधी म्हणणार नाही. लाखो बाटल्या भरायच्या आणि प्रत्येकीची चव तीच ठेवायची, याला फार शिस्त लागते. ती शिस्त मी तिथेच शिकले आणि आजही तिच्यावरच जगते.

मनात घोळत राहिली ती दुसरीच गोष्ट. बार्ली राजस्थान-हरियाणाकडून यायची, बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स परदेशातून, बिअरची पद्धत युरोपातली. मराठवाड्याचं त्यात होतं फक्त पाणी.

2016 च्या उन्हाळ्यात हे फार टोचलं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. नाथसागर तळाला गेला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगाचं पाणी टप्प्याटप्प्याने 60 टक्क्यांपर्यंत तोडायचा आदेश दिला. कंपनीच्या बसमधून जाताना रस्त्याकडेला हंड्यांच्या रांगा दिसायच्या, आणि आत गेलं की आमच्या बैठकीतही पाण्याचीच आकडेमोड चाललेली असायची. इथे बिअर करायचीच असेल तर तिच्यात इथल्या शेतकऱ्याचं धान्य असलं पाहिजे आणि पाणी जपून वापरलं पाहिजे, हे तेव्हापासून डोक्यात बसलं.

माझ्या मावसभावाचं जालना रोडच्या बाजूला हॉटेल आहे, परमिट रूमसह. तिथे छोटी ब्रुअरी काढूया का, असं दादाला मी विचारलं तेव्हा तो हो म्हणाला. आईला पटवणं अवघड गेलं. ती माळकरी. "नोकरी होती तवर ते कंपनीचं होतं. आता तुझ्या नावानं होणार," एवढंच ती म्हणाली. तिच्या या वाक्यावर मी अजूनही काही बोलू शकलेले नाही. ती ब्रुअरीत येते, सगळं बघते, ग्लासाला हात लावत नाही.

पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोटी ब्रुअरी, सुरू झाली आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत छोट्या ब्रुअऱ्या बऱ्याच निघाल्या. आमच्याकडे मात्र फाईल पुढे सरकवणाऱ्यालाही हे काम नवं होतं. अर्ज राज्य उत्पादन शुल्कच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात द्यायचा, तिथून तो मुंबईला आयुक्तांकडे जातो. सोबत महापालिका, अग्निशमन, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अन्न सुरक्षेचा परवाना. यातलं प्रत्येक कागदपत्र दुसऱ्या कशावर तरी अडलेलं असतं. पाहणीला आलेल्या निरीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, सांडपाणी कुठं सोडणार?" मला तो प्रश्न आवडला, कारण उत्तर तयार होतं. नकाशावर टाकी जिथे आणि जेवढी दाखवली तिथेच आणि तेवढीच प्रत्यक्षात हवी, हे नोकरीत असताना ठाऊक होतं, त्यामुळे टाक्यांची ऑर्डर नकाशा मंजूर झाल्यावरच दिली. या सगळ्या काळात जागेचं भाडं चालूच असतं. मोठ्या कंपनीत या कामाला स्वतंत्र खातं असतं. आमच्याकडे मी, दादा आणि अर्धवेळ येणारे एक सीए.

छोटी ब्रुअरी म्हणजे पाणी कमी, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो खरा नाही. मोठा कारखाना एक लिटर बिअरमागे साधारण तीन-चार लिटर पाण्यात भागवतो. छोट्या ठिकाणी हा आकडा सहज दुपटीवर जातो, कारण टाकी छोटी असली तरी तिची धुलाई टळत नाही. महापालिकेचं पाणी दिवसाआड सोडाच, किती दिवसांनी येईल ते सांगता येत नाही, आणि बोअरचं पाणी जड. आरओ लावला की त्याचं वाया जाणारं पाणी वेगळंच. म्हणून ब्रुअरीची आखणी करताना आम्ही सगळ्यात जास्त वेळ पाण्याला दिला. उकळलेला काढा, म्हणजे यीस्ट घालण्याआधीचा धान्याचा गोड रस, गार करताना प्लेट एक्स्चेंजरमधून जे पाणी गरम होऊन बाहेर पडतं ते आम्ही एका उष्णता धरून ठेवणाऱ्या टाकीत साठवतो आणि पुढच्या बॅचच्या माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीला, तेच वापरतो. त्यात पाणीही वाचतं आणि गॅसही. आरओचं सोडलेलं पाणी फरशी धुवायला, शेवटच्या विसळणीचं पाणी पुढच्या धुलाईच्या पहिल्या हाताला. वाळूजच्या मोठ्या कारखान्यांच्या आकड्याच्या जवळ आम्ही अजून पोचलेलो नाही, पण रोजची नोंद ठेवतो आणि ती भिंतीवर लावलेली असते.

आता ज्वारी.

ज्वारीची बिअर होऊच शकत नाही असं मला कंपनीतल्या एका ज्येष्ठांनी सांगितलं होतं. पण आफ्रिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या होते. नायजेरियाने 1988 मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअऱ्यांनाही ज्वारीवर यावं लागलं. म्हणजे होऊ शकते. कशी, एवढंच शोधायचं होतं. जिंतूरकडच्या एका शेतकऱ्याकडून मालदांडी घेतली. रब्बीची, पांढरी, टपोरी. मी आधी ज्वारीला मोड आणून तिचं माल्ट करायचं ठरवलं होतं, घरी नाचणीसत्त्वासाठी करतात तसं. ते काका पोत्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "ताई, कोवळ्या ज्वारीत इख असतंय. ढोरं दगावतात. तुमी कोंब आलेली ज्वारी माणसाला कामून पाजायलात?" त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोंब झाडून, भट्टीत वाळवून ते कमी करता येतं, पण त्यासाठी लागणारी सोय आणि तपासणी आमच्याकडे नव्हती. मग ठरवलं, मोड आणायचेच नाहीत. ज्वारी भरडून तिच्या कण्या करायच्या, त्या शिजवायच्या आणि बार्लीच्या माल्टमधल्या विकरांकडून त्यातल्या पिठाची साखर करून घ्यायची.

इथे मला लॅबपेक्षा आई जास्त उपयोगी पडली. बार्लीचं पिठूळ 65 अंशांच्या आसपास मऊ पडतं. ज्वारीला त्याहून जास्त उष्णता लागते, म्हणून कण्या आधी वेगळ्या शिजवाव्या लागतात. पहिल्या खेपेला त्या इतक्या घट्ट झाल्या की ढवळणीची मोटर कण्हायला लागली. आई दारात उभी होती. "सगळ्या एकदम कशाला टाकतीस? आधी आधणात मूठभर जिरू दे, मग बाकीच्या. आन् बूड सोडू नको, लागतंय." तिचा अर्धा सल्ला जसाच्या तसा घेतला. दुसरं असं केलं की कण्यांबरोबर थोडं बार्ली माल्ट सुरुवातीलाच टाकलं, त्याने शिजता शिजताच लगदा पातळ होतो. मग तो उरलेल्या माल्टमध्ये मिसळून 66 अंशांवर तासभर. आयोडिनचा थेंब टाकून बघायचा. निळा झाला नाही की साखर झाली.

यानंतरची अडचण गाळण्याची. बार्लीला फोलपट असतं आणि त्याचाच गाळणीसारखा थर बसतो. कण्यांना फोलपट नाही, त्यामुळे टाकीच्या तळाला चिखल होऊन रस थेंब थेंब यायचा. त्याला उपाय भाताचं तूस. इगतपुरीकडच्या राइस मिलमधून पोती आणतो, स्वच्छ धुऊन, उकळून वापरतो. ते धुणं कंटाळवाणं आहे. पण ते नीट केलं नाही तर बिअरला पेंढ्याचा वास येतो.

आंबटपणाची कल्पना वेळ अमावस्येची. आईचं माहेर औशाकडचं. मार्गशीर्ष अमावस्येला तिकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं, आणि भज्जी, उंड्यांबरोबर ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील असते. त्या आंबिलीचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा. युरोपात गव्हाच्या काही बिअर अगदी याच जातीच्या जिवाणूंनी आंबवतात. आम्ही काढा 40 अंशांवर एक रात्र या जिवाणूंवर सोडतो, सामू (पीएच) साडेतीनच्या आसपास आला की उकळून त्यांचं काम थांबवतो आणि मग यीस्ट घालतो. तयार होते ती फिकट, किंचित गढूळ, आंबटसर आणि हलकी बिअर, अल्कोहोल चार टक्क्यांच्या आसपास. चाळीस-बेचाळीस अंशांच्या मे महिन्यात ती काय लागते ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

ही बिअर विकणं हे मात्र बनवण्याहून जड गेलं. आपल्याकडे बहुतांश गिऱ्हाईक स्ट्राँग पिणारं. पहिला प्रश्न "किती टक्के?" आणि चार म्हटलं की मेनू बंद. कमी पैशात जास्त चढणारी बाटली मोठी कंपनी ज्या दरात देते त्या दरात मला माल्टसुद्धा परवडत नाही. ती स्पर्धा मी कधी मनावर घेतली नाही.

खरी अडचण होती ती दुसऱ्या बारमध्ये आमचे केग, म्हणजे बिअरची पिंपं, ठेवण्याची. काउंटरवरचा फ्रीज एका कंपनीने दिलेला, बाहेरचा बोर्ड तिचाच, ग्लास, टेबलावरचे टिश्यूस्टँड, सणासुदीची स्कीम, उधारी, सगळं तिचंच. एका बारमालकांनी मला सरळ सांगितलं, "ताई, बिअर चांगली आहे हो. पण तुमचा टॅप लावला अन् त्यांच्या माणसानं बघितला, तर फ्रीज उचलून नेतील. वीस हजाराचा फ्रीज तुम्ही देणार का?" मी देऊ शकत नव्हते. त्यांचं काही चुकलं असंही मला वाटत नाही. त्यांनाही धंदा करायचा आहे.

या कंपन्यांचा आवाका बघितला की हे सगळं समजतं. 2016 च्या ऑक्टोबरात एबी इनबेव्ह या जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने सॅबमिलर ही दुसरी बडी बिअर कंपनी विकत घेतली. 2021 मध्ये किंगफिशरवाली युनायटेड ब्रुअरीज हायनेकेन या डच कंपनीच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात भारतीय स्पर्धा आयोगाने बिअरचे भाव आपसात ठरवल्याबद्दल युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग इंडिया, त्यांची संघटना आणि काही अधिकाऱ्यांना मिळून सुमारे 873 कोटी रुपयांचा दंड लावला. एबी इनबेव्हने माहिती पुढे होऊन दिली म्हणून तिला पूर्ण सूट मिळाली. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. तो आदेश मी शांतपणे बसून वाचला होता. ज्या बाजारात भाव असे ठरत होते, त्याच बाजारात मी नोकरी करत होते आणि मला लॅबमध्ये त्याचा पत्ता नव्हता.

ज्या थोड्या बारनी आमचा टॅप लावला तिथे दुसरीच गंमत झाली. त्यांच्याकडे आमच्या बिअरचा नुसता फेस येऊ लागला. पाइप बदलले, गॅसचा दाब बदलला, काही उपयोग होईना. शेवटी मी एका बारमध्ये बंद होईपर्यंत थांबले. शटर ओढण्याआधी पोऱ्याने कूलरचं बटण बंद केलं, वीजबिल वाचवायला, रोजच्यासारखं. बाटलीबंद बिअर पाश्चराइज केलेली असते, तिला एक रात्र चालते. आमची जिवंत आहे, तिला चालत नाही. तेव्हापासून नियम केला: कूलर आमचा, वायर थेट मेनमधून, आणि दर आठवड्याला लाइन आमचाच माणूस धुणार. त्यामुळे टॅप कमी आहेत, पण जिथे आहेत तिथे ग्लास बरोबर भरतो. 2020 मध्ये राज्याने मायक्रोब्रुअरीला ग्राउलरमधून, म्हणजे घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीतून, बिअर घरी न्यायला द्यायची मुभा दिली होती, तिचाही आम्हाला फार आधार आहे. घरी नेणाऱ्याला पिण्याआधी सतत थंड ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा, हे आम्ही तोंडाने सांगतो. चिठ्ठी कोणी वाचत नाही.

गिऱ्हाईक बदललं ते हळूहळू, आणि जाहिरातीने नाही. जेवायला आलेल्या माणसाला आम्ही अर्धा कप ज्वारीची बिअर चाखायला देतो आणि ज्वारी कुठली ते सांगतो. परभणीचा माणूस असेल तर तो लगेच सरसावून बसतो. "मालदांडी हाय का?" तिथून गप्पा सुरू होतात, पेरणी, भाव, कडबा. एकदा औसा-निलंग्याकडची मंडळी आली होती, त्यातल्या एका आजोबांनी घोट घेतला आणि मुलाकडे बघून म्हणाले, "आरं, ही तर आंबिलीची बहीण." ज्यांना आवडत नाही त्यांना आम्ही आग्रह करत नाही. दादाच्या परमिट रूममध्ये मोठ्या कंपन्यांच्या बाटल्याही आहेत आणि राहतील.

सध्या जालन्याच्या मोसंबीवर काम चालू आहे. गव्हाच्या बिअरमध्ये सालीचा फक्त वरचा पिवळा पापुद्रा आणि धने घालतो. आतला पांढरा भाग आला की कडवटपणा उतरतो, म्हणून सोलायचं काम हातानेच.

लातूर, नांदेड, बीडहून फोन येतात, आम्हालाही करायचं आहे म्हणून. त्यांना मी मशिनरीचे कोटेशन बाजूला ठेवायला सांगते. आधी ज्या जागेत करायचं तिथल्या पाण्याचा तपासणी अहवाल आणा, उन्हाळ्यातला, पावसाळ्यातला नको. मग सांडपाण्याची वाट दाखवा. परवाना येईपर्यंतचं भाडं हातात आहे का ते बघा. आणि आपल्या तालुक्यात कोणतं धान्य किंवा फळ चांगलं पिकतं, ते कोणाच्या शेतात, ते नावानिशी सांगा. एवढं घेऊन जो येतो त्याला मी दिवसभर ब्रुअरीत बसवून सगळं दाखवते, कण्या शिजवण्यापासून.