तांदळाच्या डब्यावरचे पर्कशन

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि नुकतेच वॉर्डात येऊ लागलेले आमचे वैद्यकीय महाविद्यालयातले दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आपापल्या गावी परतले. व्याख्याने ऑनलाइन घेणे जमले, पण रुग्ण तपासायला कसे शिकवायचे, या विचाराने मला झोप लागत नसे.

निरीक्षणाची पायरी पडद्यावर उत्तम शिकवता येते, हे लवकरच लक्षात आले. वॉर्डात खाटेभोवती पंधरा जण उभे राहिले की मागच्यांना रुग्णाचा श्वास दिसतच नाही. रुग्णाच्या संमतीने केलेल्या चित्रफितीत मात्र छातीची कोणती बाजू कमी हलते, मानेतील शीर कुठवर फुगली आहे, हे प्रत्येकाला पुन्हा पुन्हा पाहता येते.

पर्कशनसाठी, म्हणजे शरीरावर बोट टेकवून त्यावर ठोका देऊन आवाजावरून आतले ओळखण्याच्या तपासणीसाठी, मी सर्वांना स्वयंपाकघरात पाठवले. लिओपोल्ड आउएनब्रुगर याने १७६१ मध्ये ही पद्धत मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता आणि पिंपे ठोकून त्यांतील मद्याची पातळी ओळखण्याची रीत त्याने घरीच पाहिली होती, असे सांगतात. तांदळाचा डबा तर आपल्याकडे घरोघरी असतो. झाकण न उघडता तांदूळ कुठवर आहेत ते ठोकून ओळखा, तिथे खूण करा आणि मला हात दाखवा, असे मी सांगितले. एका विद्यार्थिनीच्या डाव्या हाताचे मधले बोट डब्याला नीट टेकलेले होते, पण उजवा हात कोपरातून हलत होता आणि ठोक्यानंतर बोट तिथेच रेंगाळत असल्यामुळे आवाज दबत होता. "अगं, मनगट सैल सोड आणि ठोका दिला की बोट लगेच उचल," मी म्हटले. चौथ्या खेपेला तिला आवाजातला बदल ऐकू आला. आजीने झाकण काढले, तेव्हा तांदूळ तिच्या खुणेपासून जेमतेम दोन बोटे खाली होते. वॉर्डातील गर्दीत एकेकाचे मनगट इतक्या जवळून मी कधीच पाहिले नव्हते, म्हणून हा सराव मी आजही सोडलेला नाही.

स्टेथोस्कोपने ऐकणे शिकवताना मात्र अडचण आली. हृदयातील मायट्रल झडप अरुंद झाल्यावर येणारी मर्मर, म्हणजे हृदयातला जादा घरघरता आवाज, इतकी खालच्या सुराची असते, की मीटिंगचे सॉफ्टवेअर ती गोंगाट समजून गाळते आणि मोबाइलचा लहान स्पीकर ती नीट वाजवूच शकत नाही. शेवटी ध्वनिफिती थेट पाठवून त्या इअरफोनने ऐकायला सांगाव्या लागल्या.

स्पर्शाला तर पर्यायच नव्हता. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा अवयव, तपासताना हात उजव्या ओटीपोटापासून डाव्या बरगड्यांकडे न्यायचा, हा क्रम सर्वांना पाठ होता. बोटांना त्याची ओळख नव्हती. वर्ग पुन्हा भरले, तेव्हा प्लीहा तपासू लागलेल्या एका मुलाचा गार हात लागताच रुग्ण आजोबा आक्रसले. त्याने हात मागे घेतला, तळवे चोळून गरम केले, खाटेशेजारी बसून आजोबांच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता त्यांना दीर्घ श्वास घ्यायला सांगितले. तिसऱ्या श्वासाला त्याची बोटे थांबली.

"मॅडम, लागली," तो हळूच म्हणाला.