हजारात लग्नाला काय द्यायचं? तुम्ही विचारलंत म्हणून

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळचं. तुळशीचं लग्न झालं की पार पावसाळा लागेपर्यंत रोज कोणीतरी गल्ल्याशी येऊन विचारतंच, "वहिनी, हजारापर्यंत लग्नात द्यायला काहीतरी छान सुचवा ना." आता नात्यातले आणि शाळेच्या ग्रुपवरचे पण फोन करून हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसतं फॉरवर्ड करेन.

आधी हे सांगते की पाकीट दिलं तर काही बिघडत नाही. भांडेवालीनं असं बोलू नये, आमच्या ह्यांनी वाचलं तर ओरडतील, पण खरंय ते. लांबचं नातं आहे, नवरा-नवरीपैकी कोणालाच धड ओळखत नाही, नुसतं बोलावलंय म्हणून जायचंय, तर ५०१ नाहीतर १००१ घाला पाकिटात, वर नाव आणि गाव नीट लिहा (नुसतं "पाटील परिवार" लिहिलं तर कुठले पाटील यावर त्यांच्याकडे महिनाभर चर्चा चालते) आणि जेवून या. आणि पत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" छापलं असेल तर खरंच नका नेऊ, त्यांनी छापलंय ते मनापासून छापलंय असं समजा की.

माणूस जवळचा असेल आणि वस्तूच द्यायची असेल तर माझं एकच म्हणणं असतं, हजार रुपयात मोठ्या वस्तूतली स्वस्तातली घेऊ नका, छोट्या वस्तूतली भारीतली घ्या. स्टेजवर मोठा खोका हातात असला की बरं वाटतं, फोटोत पण दिसतो, हे मला कळतं, पण त्या खोक्यात काय होतं ते नंतर आम्हाला दिसतं ना. लग्नानंतर महिनाभरात नवी जोडपी येतात, रिक्षात खोके घालून, बदलून मिळेल का विचारत. काय असतं त्यात, तर लेमन सेट, कॅसरोल, पातळ पत्र्याचा डिनर सेट, परत एक कॅसरोल. बिचारी जाणार असतात पुण्याला नाहीतर बंगळुरूला भाड्याच्या वन बीएचकेत, तिथे चोवीस ग्लास ठेवायचे कुठे? पण चांगला जाड झारा, पुरणयंत्र, पक्कड, चांगली चाळणी, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा, हे बदलायला आणलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

सगळ्यात जास्त मागणी समईला. लोकांना वाटतं शुभ आहे, घेऊन टाकू. अहो पण पितळ वजनावर जातं, वर घडणावळ वेगळी, हजारात जी समई येते ती पोकळ, पत्र्याची, तेल घातलं की एका बाजूला कलते आणि मग देवघरात न जाता शोकेसमध्ये जाते. त्याच पैशात एक छोटं पण वजनदार निरांजन आणि ताम्हण येईल, ते रोज संध्याकाळी हातात घेतलं जाईल. चांदीच्या नाण्याचं विचाराल तर पूर्वी मीच सांगायचे दहा ग्रॅमचं नाणं द्या म्हणून, पण २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली, म्हणजे दहा ग्रॅमलाच हजाराच्या वर मोजावे लागतात, तो विषय आपल्या बजेटमधून संपला.

स्टील घेताना लोक खिशातून लोहचुंबक काढतात. चिकटलं नाही म्हणजे अस्सल, असं कोणीतरी व्हिडिओत सांगितलंय. आता गंमत अशी की ३०४ नंबरचं चांगलं स्टील चुंबकाला धरत नाही हे बरोबर, पण स्वस्तातलं २०२ पण धरत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून काहीच कळत नाही. आणि इंडक्शनवर चालणारं भांडं हवं असेल तर बुडाला चुंबक चिकटलाच पाहिजे, म्हणजे तिथे उलटंच. त्यापेक्षा सोपं सांगते, ताटाची कड दोन्ही हातांनी धरून जरा दाबून बघा, लवली तर ठेवून द्या, आणि कढई-पातेलं हातात घेऊन बुडाचं वजन लागतंय का बघा.

तव्याबद्दल मात्र मी जरा जास्तच बोलते. बिडाचा तवा आधी तयार करावा लागतो, म्हणजे तेल लावून तापवायचा, थंड करायचा, परत तेल, असं चार-सहा वेळा, मग कुठे घावन सुटतं. नव्या मुलींना हे माहीत नसतं, घासून घासून गंज आणतात आणि तवा वाईट म्हणतात. म्हणून मी सांगते तवा देणार असाल तर आठवडाभर आधी न्या, घरी असा तयार करा, मग द्या, त्यात तुमचे कष्ट पण गेले. फक्त शनिवारी न्यायला येऊ नका, शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत म्हणून निम्मे लोक हातात घेतलेला तवा खाली ठेवून निघून जातात.

आणि संसाराची मोठी भांडी घ्यायच्या भानगडीत एकट्यानं पडू नका. परात, घागर, तांब्या, ताट-वाटी हे बऱ्याच घरांत माहेरून येतंच, रुखवतात मांडलेलं असतं. मोठं काही द्यायचंच असेल तर पाच मैत्रिणी मिळून हजार-हजार काढा, चांगल्या कंपनीचा पाच लिटरचा कुकर येतो आणि वर एक कढई पण बसते बहुतेक. कुठला हवाय ते नवरीलाच विचारा सरळ, केळवणाला जाताच ना, तिथे विषय काढायचा. तिथेच देऊन टाकलं तर अजून उत्तम, लग्नाच्या दिवशी त्या ढिगात कोणाचं काय ते कोणालाच कळत नाही.

नाव घालायचं का, हा पुढचा प्रश्न. पूर्वी छिन्नीनं ठिपके ठिपके मारून तारखेसकट नाव घालायचे, भांडी एकमेकांच्या कार्याला जायची, तेव्हा ओळखायला बरं पडायचं. आता आमच्याकडे इलेक्ट्रिकचं पेन आहे, ते थरथरतं, अक्षर काही सुंदर येत नाही. परवा एक काका छोट्या वाटीवर चि., सौ. कां., दोघांची पूर्ण नावं, "यांस सप्रेम भेट" आणि खाली स्वतःचं सगळं कुटुंब घाला म्हणून बसले. शेवटी वाटीऐवजी डबा घेतला त्यांनी, मजकूर मावेना म्हणून! मी तर म्हणते नाव नकोच, कारण एकदा नाव पडलं की कुठलाच दुकानदार ते भांडं बदलून देत नाही, मोडीतच जातं ते.

त्यापेक्षा आमची पट्टी, म्हणजे बिल, खोक्यात ठेवा, किंमत फाडून, आणि महिनाभरात बदलून मिळेल असं त्यांना सांगा.