आमची वाटचाल: खोक्यात काय घातलं आणि का

घरी बिअर बनवणाऱ्यांना लागणारं सामान विकायचं ठरलं, तेव्हा कल्पना सरळ होती. माल्ट एक्सट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाचा गोड अर्क), हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट आणि झाकणाची बादली एका खोक्यात घालायची, सोबत एक पानभर कृती द्यायची. ऑर्डर फॉर्मवर सगळ्यात वर एक प्रश्न छापला: तुमच्या भागात घरी बिअर बनवायला कायद्याने परवानगी आहे ना? तो आजही तिथेच आहे.

धंदा आम्हाला शिकवला तो तक्रारींनी. ‘तुमचं यीस्ट खराब निघालं’ हे इतक्या वेळा ऐकलं, की फोन घेणाऱ्यासाठी उलट विचारायच्या प्रश्नांची यादी करून भिंतीवर लावली. पहिला प्रश्न: यीस्ट घातलं तेव्हा वर्ट, म्हणजे माल्टचं ते उकळलेलं गोड पाणी, किती गरम होतं?

‘कोमट होतं,’ हे ठरलेलं उत्तर. हाताला कोमट लागतं ते साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअस. एल, म्हणजे फार थंडी न लागणाऱ्या बिअरच्या, बहुतेक यीस्टना १८ ते २० अंश मानवतात. तेवढ्या उष्णतेत यीस्ट सहसा मरत नाही, उलट झपाटल्यासारखं कामाला लागतं आणि त्या घाईत फ्युजेल अल्कोहोल, म्हणजे नको असलेली जड अल्कोहोलं, तयार करतं. मग बिअर घशाला जाळते आणि तिला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. त्यात आंबण्याची क्रिया स्वतःच उष्णता सोडते. खोली २० अंशांवर असली तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत बादलीच्या आत २३-२४ सहज होतात. म्हणून खोली मोजून भागत नाही, बादली मोजावी लागते. आम्ही बादलीला चिकटवायची थर्मामीटरची पट्टी खोक्यात घातली. खोकं महागलं, आमचा माल ठेवणाऱ्या दुकानदारांनी नाकं मुरडली, पण यीस्टच्या नावाने येणारे फोन कमी झाले.

दुसरा प्रश्न स्वच्छतेचा, आणि इथे गिऱ्हाईक आमच्यावरच संशय घेई. धुण्याची पावडर वेगळी आणि सॅनिटायझर वेगळा, म्हणजे दोन वस्तू खपवायची युक्ती! तसं नाही. सोडियम परकार्बोनेटची पावडर चिकटलेला मळ सोडवते. सॅनिटायझर जंतू मारतो, पण फक्त आधीच स्वच्छ असलेल्या पृष्ठभागावर. उकळीच्या आधी जे भांड्याला लागतं त्याची फार चिंता नको, उकळी ते निस्तरते. वर्ट थंड झाल्यावर त्याला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू मात्र सॅनिटायझरमधून काढलेली हवी: चमचा, नळी, झाकण, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. बादलीचा नळ सुटा करून धुवा. घाण तिथेच दडते. प्लॅस्टिकवर तारेची घासणी चालवू नका, ओरखड्यांत जंतू घर करतात. ब्लीच वापरून नीट न धुतल्यास क्लोरिनमुळे बिअरला दवाखान्याचा वास येतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननेही तसं होतं. चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइटने ते पाणी सुधारतं.

एका वितरकाने खोक्यावर ‘सात दिवसांत बिअर’ छापायला सुचवलं होतं. खप वाढला असता, यात शंका नाही. आम्ही नाही म्हटलं, कारण त्या वाक्यावर विसंबून कोणी सातव्या दिवशी बाटल्या भरल्या असत्या. एअरलॉकमधले (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडून हवा आत न घेणाऱ्या नळीतले) बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं नसतं. झाकण सैल असलं तरी बुडबुडे दिसत नाहीत. खात्री देतो तो हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं साधन. पाण्याची घनता १ धरून सुरुवातीला वर्टची १.०५० असेल आणि शेवटी १.०१०, तर फरकाला १३१ ने गुणा: अल्कोहोल सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. मोजमाप दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्या. आकडा तोच आला आणि अपेक्षेच्या जवळ असला, तरच बाटल्या भरा. बाटलीत फेसासाठी आपण लिटरमागे ६-७ ग्रॅम साखर घालतो. घनता १.०१५ वरच अडकलेली असताना भरलं, तर उरलेली साखर त्याहून जास्त भरते आणि तिचाही वायू होतो. काच फुटते, आणि ती कोणाच्या हातात असताना फुटेल सांगता येत नाही. हायड्रोमीटरशिवाय खोकं द्यायचं नाही, हा आमचा सर्वांत जुना नियम.

हिरव्या बाटल्यांची मागणी सतत येते. दिसतात छानच. आम्ही तपकिरीच विकतो, कारण हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की गंधकयुक्त, उग्र वासाचं संयुग बनतं, आणि तो उजेड हिरवी काच फारसा अडवत नाही.

हवेबद्दल नवे लोक हमखास गोंधळतात. यीस्ट घालण्याआधी थंड वर्ट भरपूर ढवळा, यीस्टला वाढायला ऑक्सिजन लागतो. आंबल्यावर मात्र नळी थेट बाटलीच्या तळाशी टेकवून, न खळबळवता भरा; तेव्हा हवा लागली की काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

हल्ली पहिल्याच बॅचला लागर, म्हणजे थंडीत आंबवायची बिअर, करायची म्हणणारे वाढलेत. तिला आंबायला ९ ते १३ अंश लागतात, नंतर शून्याच्या जवळपास काही आठवडे ठेवावं लागतं. तापमान राखणारा स्वतंत्र फ्रिज आहे का, हे आम्ही विचारतो. नसेल तर ऑर्डरमधलं यीस्ट बदलून एलचं घ्यायला सुचवतो आणि फरकाचे पैसे परत करतो. काही जण रागावून दुसरीकडून घेतात.