थंडीने करपलेले आंब्याचे कलम सावरताना

निफाड भागात कडाक्याची थंडी पडली की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलेला पारा बातम्यांत झळकतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. पण परसात लावलेल्या आंब्याच्या कोवळ्या कलमाकडे त्या धावपळीत फारसे कुणी पाहत नाही. वास्तविक त्याला जपण्याची गरज मोठ्या झाडापेक्षा अधिक असते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात, त्यामुळे हवेचे तापमान 2-3 अंश असतानाही जमिनीलगतच्या पालवीवर दव गोठू शकते.

आमच्या केशरच्या कलमाची पालवी यंदा अशीच काळवंडली, शेंडा वाळला आणि घरात ते उपटून नवे आणण्याची भाषा सुरू झाली. ते ठेवावे, असा आग्रह मी धरला, कारण पाने करपली म्हणजे झाड मेले असे होत नाही. शेंड्याकडची साल नखाने खरवडली तेव्हा आत कोरडा, तपकिरी थर लागला. मात्र जोडाच्या, म्हणजे गावठी रोपावर केशरची काडी जिथे बांधलेली असते त्या जागेच्या, वर वीतभर अंतरावर सालीखाली ओलसर हिरवा पापुद्रा स्पष्ट दिसला.

तरीही कात्री लगेच लावू नये. इजा नेमकी कुठवर उतरली आहे, हे ऊन तापून डोळे फुगू लागल्यावरच कळते आणि घाईने छाटल्यास फुटणारी कोवळी पालवी थंडीच्या पुढच्या लाटेत सापडते. तोवर युरिया अजिबात देऊ नये. पाने नसलेल्या झाडाला पाणीही थोडेच लागते. आळे सतत ओले ठेवल्यास मुळे कुजतात.

फूट आल्यावर ती जोडाच्या वर आहे की खाली, हे सर्वांत आधी पाहावे. खालची फूट रायवळ खुंटाची, म्हणजे कलमाखालच्या गावठी रोपाची असते. ती जोमदार आणि देखणी दिसते, म्हणून ती मोडवत नाही, परंतु राहू दिली तर केशरचा भाग उपाशी मरतो. जोडावरचा भाग पूर्ण वाळला असेल तरच तिच्यातली एक सरळ फूट राखून पावसाळ्यात तिच्यावर जागेवरच मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या फुटीवर केशरची काडी बांधून केलेले कलम) करून घ्यावे.

वाळलेला भाग जिवंत डोळ्याच्या थोडा वर तिरका कापून त्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. 1 लिटर पाण्याला मोरचूद आणि चुना प्रत्येकी 100 ग्रॅम पुरतो, मात्र भांडे लोखंडी नसावे. त्यानंतर खरी धास्ती उन्हाची असते, कारण सावली गेलेली साल एप्रिलमध्ये भाजते. म्हणून खोडाला चुना लावावा, पश्चिमेला आडोसा करावा आणि आळ्यात खोडाला न चिकटेल असे पाचट पसरावे. सावरलेल्या कलमाला पुढच्या हंगामात मोहर आलाच, तर तो खुडून टाकावा, म्हणजे झाडाची ताकद फांद्या आणि मुळे वाढवण्यात जाईल.