संसदीय समितीला निवेदन पाठवताना

2013 चा पावसाळा सरत आला होता. राज्यसभेत मांडलेलं मानसिक आरोग्य सेवा विधेयक आरोग्य व कुटुंबकल्याण विषयाच्या संसदीय स्थायी समितीकडे गेलं होतं आणि समितीने लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. पुण्यात मनोरुग्णांच्या घरच्यांचा एक गट महिन्यातून एकदा जमतो. फलटणहून मी जमेल तशी तिथे जायचे. त्या बैठकीत कुणीतरी सूचनापत्राची झेरॉक्स वाटली. माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि दिल्लीतली कुठली समिती आमच्यासारख्यांचं ऐकते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

समिती म्हणजे काय हे आधी समजून घ्यावं लागलं. खात्यांशी संबंधित अशा समित्या 1993 पासून आहेत. एका समितीत 31 खासदार असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. बैठक बंद दाराआड होते, कॅमेरा नसतो, त्यामुळे पक्षाच्या घोषणा देण्याची कुणाला गरज पडत नाही. खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून कलमावार विचारलं जातं. सभागृहातला गोंधळ टीव्हीवर पाहून आपण संसदेबद्दल मत बनवतो, पण कायद्याची खरी झाडाझडती या खोलीत होते असं माझं आता ठाम मत आहे.

गटातल्या एका वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, तुमचं दुःख समितीला कळेल, पण अहवालात कलम जातं. तुमची अडचण कोणत्या कलमात बसते ते आधी शोधा." मग आम्ही विधेयकाचा मसुदा घेऊन बसलो. इंग्रजी मसुदा, पेन्सिल आणि समोर आपापले केसपेपर.

माझी अडचण औषधांची होती. दादाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळायच्या, पण नेमाने नाही. वहिनीने त्याची एक वही ठेवली होती, मुलांच्या जुन्या वहीची मागची पानं. डाव्या बाजूला तारीख, मग गोळीचं नाव, मग किती मिळाल्या, आणि शेवटच्या रकान्यात एसटीचं भाडं. रिस्पेरिडोनसमोर, म्हणजे दादाच्या मुख्य गोळीसमोर, कितीतरी ओळींत "नाही" लिहिलेलं. हात थरथरू नयेत म्हणून जी गोळी देतात ती असायची, मुख्य गोळी नसायची. "पुढच्या आठवड्यात या" म्हणायचे. पुढच्या आठवड्यात जायचं तर पुन्हा अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार, म्हणून बाहेरून विकत घ्यायचं. पैसे नसले की थांबायचं. गोळी थांबली की तीन-चार आठवड्यांत दादाची झोप जायची आणि तो स्वतःशी बोलायला लागायचा. गावाला वाटायचं, पुन्हा वेड लागलं. वेड वगैरे काही नव्हतं, साठा संपला होता.

गटात सगळ्यांचं एकमत नव्हतं. आजार आटोक्यात असताना माणसाने आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवायचं, अशी तरतूद विधेयकात होती. एक आई म्हणाल्या, "माझा मुलगा आजारच मान्य करत नाही, तो काय लिहून ठेवणार?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दादाला 1987 च्या जुन्या कायद्याखाली एकदा पोलिसांच्या गाडीतून, मॅजिस्ट्रेटच्या आदेशावर प्रादेशिक मनोरुग्णालयात न्यावं लागलं होतं. ती रात्र आठवली की मलाही वाटायचं, घरच्यांच्या हातात थोडा तरी अधिकार हवा. पण मी घरी जाऊन दादालाच विचारलं. त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "मला बांधू नका, एवढं लिही." शेजाऱ्यांनी त्याला एकदा गोठ्यात साखळीने बांधलं होतं. त्यानंतर घरच्यांचा अधिकार आणि रुग्णाचा अधिकार यांना समोरासमोर उभं करणं मी सोडून दिलं. दोन्ही लागतात, आणि कायद्याला दोन्ही सांभाळावे लागतात.

अशा निवेदनाच्या अटी साध्या असतात. दोन प्रती, ठरलेल्या मुदतीत, हिंदीत किंवा इंग्रजीत. मराठी चालत नाही, आणि ही अट मला आजही खटकते. ज्या घरात आजार आहे तिथल्या बाईला तिच्या भाषेत संसदेला पत्र लिहिता येऊ नये, हे लोकशाहीला शोभत नाही. आम्हाला गटातले एक निवृत्त हिंदी शिक्षक भेटले म्हणून निभावलं. समितीपुढे तोंडी म्हणणं मांडायचं असेल तर तसं वेगळं नमूद करावं लागतं, ते आम्ही केलं. बोलावणं काही आलं नाही. निवेदनाचा मजकूर समितीच्या कागदपत्रांत जमा होतो आणि तो गोपनीय असतो, बाहेर फोडला तर विशेषाधिकारभंग होऊ शकतो. म्हणून तो इथे देत नाही. वही मात्र आमच्या घरची आहे, तिच्याबद्दल सांगायला हरकत नाही.

नोव्हेंबर 2013 मध्ये समितीचा 74 वा अहवाल आला. भाचीने तो डाऊनलोड करून रोज थोडा थोडा मराठीत सांगितला. आमच्यासारख्या कितीतरी घरांच्या तक्रारी त्यात वाचल्यासारख्या वाटल्या. पण समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. आणि पुढच्या वर्षी निवडणूक लागली, तेव्हा सगळी मेहनत वाया गेली असंच वाटलं. वकीलबाईंनी धीर दिला. राज्यसभेतच प्रलंबित असलेलं आणि लोकसभेने अजून मंजूर न केलेलं विधेयक लोकसभा बरखास्त झाली तरी व्यपगत होत नाही. ते जिवंत होतं.

मधली वर्षं पटकन सांगते, कारण त्यात आमच्या हातात काही नव्हतं. 8 ऑगस्ट 2016 ला राज्यसभेने ते बऱ्याच दुरुस्त्यांसह मंजूर केलं, 27 मार्च 2017 ला लोकसभेने. 7 एप्रिलला राष्ट्रपतींची सही झाली आणि 2018 मध्ये कायदा अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर खटला भरायचा नाही, तो तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याच्या पुनर्वसनाची जबाबदारी सरकारने घ्यायची, हे त्यात आलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहणाऱ्या आपल्या राज्याला त्याचं मोल सांगायला नको. साखळीने बांधायला सक्त मनाई आली. कलम 95 चा तो भाग मी दादाला वाचून दाखवला, तेव्हा त्याने कागद हातात घेऊन पुन्हा एकदा स्वतः पाहिला.

माझ्या वहीचं उत्तर कलम 18 मध्ये आहे. आवश्यक औषधांच्या यादीतली सगळी औषधं मनोरुग्णांना सर्वकाळ मोफत मिळाली पाहिजेत, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात. आपल्याकडे सामुदायिक केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालय. म्हणजे जिल्ह्याला जायची गरजच नको. "सर्वकाळ" असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

तरीही वहिनीच्या वहीत "नाही" येत राहिलं. पूर्वीपेक्षा कमी, पण येत राहिलं. मग मी खासदारांच्या स्वीय सहाय्यकांना गाठलं. लोकसभेच्या प्रश्नाला निदान 15 दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि तो साधारण 150 शब्दांत बसवावा लागतो. दिवसाला 20 तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे, प्रश्न असतात, बाकीच्या अतारांकितांना फक्त लेखी उत्तर. आमचा प्रश्न अतारांकितात गेला. उत्तराची सुरुवातच अशी होती की सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. हे वाक्य आरोग्य खात्याच्या उत्तरांत वारंवार भेटतं. ते खरं आहे, राज्यसूचीत सहावी नोंद तीच आहे. पण मानसिक आजार आणि त्यावरच्या उपचारांच्या जागा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीत आहेत, सोळाव्या नोंदीत, म्हणून तर संसदेला हा कायदा करता आला. केंद्राने इथे अंग काढून घेणं मला मान्य नाही, आणि ज्या कुणाला असं उत्तर येईल त्याने ही सोळावी नोंद पुढच्या पत्रात जरूर लिहावी.

ऑगस्ट 2023 मध्ये त्याच स्थायी समितीने, भुवनेश्वर कलिता अध्यक्ष असताना, मानसिक आरोग्यसेवेवर 148 वा अहवाल दिला. देशात लाख लोकांमागे 0.75 मानसोपचारतज्ज्ञ आहेत, ते 3 असायला हवेत आणि त्यासाठी आणखी 27,000 डॉक्टर लागतील, हे त्यात आहे. अशा शिफारशींचं सरकारने काय केलं त्याचा कृती अहवालही समिती मागवते. तो वाचल्याशिवाय पाठपुरावा अर्धाच राहतो. मी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचते.

आता पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न तयार आहे. खासदार कुठल्याही पक्षाचे असोत, ज्यांना हवा त्यांनी आपल्या जिल्ह्याचं नाव घालून द्यावा:

(अ) मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 नुसार आवश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयांत सर्वकाळ मोफत उपलब्ध आहेत काय;

(ब) असल्यास, गेल्या तीन वर्षांत आमच्या जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रिस्पेरिडोनचा साठा किती दिवस शून्य होता, आणि

(क) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?