एनएव्ही सांगणारा चॅटबॉट आणि आमचे चोवीस तास

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असताना आम्ही चौघांनी एका महाविद्यालयातील हॅकेथॉनमध्ये, म्हणजे ठरावीक वेळात सॉफ्टवेअर तयार करण्याच्या स्पर्धेत, भाग घेतला होता. शुक्रवारी दुपारी १२ ते शनिवारी दुपारी १२ एवढा वेळ होता आणि आर्थिक माहितीवर आधारित काहीतरी उपयोगी तयार करावे, एवढाच विषय होता. माझी मावशी म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम, म्हणजे एसआयपी, भरते, पण आपल्या फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे मूल्य, किती झाले हे तिला दर वेळी मला फोन करून विचारावे लागते. तेव्हा मराठीत प्रश्न विचारल्यावर एनएव्ही आणि परतावा सांगणारा चॅटबॉट करायचा, असे ठरले.

माहितीची अडचण येईल असे वाटले होते, पण ती आली नाही. म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना असलेली ॲम्फी सर्व योजनांची एनएव्ही एका साध्या मजकूर फाइलमध्ये रोज उपलब्ध करून देते आणि तिच्यात अर्धविरामांनी विभागलेले योजनेचा क्रमांक, आयसिन (आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), नाव, मूल्य आणि तारीख असे रकाने असतात. मात्र मधूनमधून फंडाचा प्रकार आणि कंपनीचे नाव सांगणाऱ्या ओळी येतात, काही ठिकाणी मूल्याच्या जागी आकडाच नसतो, आणि हे सारे निवडून एसक्यूलाइट या डेटाबेसच्या तक्त्यात भरेपर्यंत आमची दुपार संपली. जुन्या तारखांच्या एनएव्हीही आम्ही मोजक्या योजनांपुरत्या उतरवून घेतल्या.

पहिला प्रयोग अगदी सरळ होता: तक्त्यातील संबंधित ओळी आणि प्रश्न, दोन्ही भाषा-मॉडेलला, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआयला, द्यायचे आणि उत्तर त्यालाच लिहू द्यायचे. उत्तरे इतकी सफाईदार होती की आम्ही तासभर खूश होतो. मग एका मित्राने चाचणीसाठी विचारले की, एनएव्ही ५ वर्षांत २० रुपयांवरून ४० रुपये झाली, तर वार्षिक परतावा किती? उत्तर आले, २० टक्के. शंभर टक्के वाढीला पाचाने भागून मॉडेल मोकळे झाले होते; चक्रवाढीने हिशेब केला तर हा दर सुमारे १४.८७ टक्के येतो. चूक लहान नव्हती, आणि ती ज्या आत्मविश्वासाने सांगितली गेली, त्याची मला अधिक भीती वाटली, कारण माझ्या मावशीने ती निमूटपणे खरी मानली असती.

त्यानंतर आम्ही रचनाच बदलली. मॉडेलने फक्त प्रश्नातून योजना, तारीख आणि काय हवे आहे एवढेच ओळखायचे, आकडा तक्त्यातून यायचा, हिशेब पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत व्हायचा आणि उत्तराचे वाक्य आमच्या ठरावीक साच्यातून बनायचे. यामुळे बॉटचे बोलणे रुक्ष झाले, याचे आमच्यापैकी एकाला फार वाईट वाटले, आणि त्यावरून रात्री ९ वाजता चहाच्या टपरीवर बराच वाद झाला.

खरा वेळ मात्र योजनांच्या नावांनी खाल्ला. वापरणारा फंडाचे नाव देवनागरीत आणि अर्धवट लिहितो, फाइलमध्ये ते रोमन लिपीत आणि लांबलचक असते. शिवाय जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट आणि रेग्युलर असे वेगळे प्लॅन आहेत आणि त्या प्रत्येकात ग्रोथ (नफा फंडातच राहतो) व आयडीसीडब्ल्यू (वेळोवेळी रक्कम वाटली जाते) हे पर्याय असू शकतात, म्हणजे एकाच फंडाच्या चार-चार ओळी सापडतात. डायरेक्टमध्ये वितरकाचे कमिशन नसल्याने दोन्हींच्या एनएव्हीत फरक पडतो, त्यामुळे अंदाजाने एक ओळ उचलणे म्हणजे चुकीचे उत्तर देणे होते. शेवटी बॉटने जवळची नावे दाखवून ‘यांपैकी कोणती योजना?’ असे विचारावे, असे ठरवले. रविवारची एनएव्ही विचारली तर त्याआधीची उपलब्ध तारीख घ्यायची आणि ती उत्तरात लिहायची, हेही तेव्हाच घातले. ‘कोणता फंड घेऊ?’ या प्रश्नाला बॉट नकार देतो, कारण गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी सेबी या बाजार नियामकाची नोंदणी लागते.

रात्री ११ नंतर ताजी फाइल उतरवून पुन्हा सगळे तपासले आणि सर्व उत्तरे बरोबर आली.

शनिवारी सकाळी ११ वाजता परीक्षकांसमोर प्रात्यक्षिक झाले. एका परीक्षकांनी एका इक्विटी फंडाची आजची एनएव्ही विचारली. बॉटने योजना विचारून घेतली, आकडा अचूक दिला आणि वाक्य लिहिले, ‘आजची एनएव्ही…’. परीक्षक शांतपणे म्हणाले, ‘आज शनिवार आहे, बाजार बंद आहे. ही कालची एनएव्ही झाली.’ तारीख घेऊन येणाऱ्या प्रश्नांसाठी आम्ही एवढी काळजी घेतली होती, पण ‘आज’ या शब्दासाठी वेगळा साचा केला होता आणि त्यात तारखेचा रकाना वापरलाच नव्हता. तपासणी शुक्रवारी रात्री केल्यामुळे तेव्हा ते वाक्य खरे ठरत होते. खरे तर सोमवारी सकाळीही ते चुकलेच असते, कारण दिवसाची एनएव्ही बाजार बंद झाल्यावर ठरते आणि ती यायला रात्र होते.

बक्षीस आम्हाला मिळाले नाही. परतीच्या बसमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन मी त्या साच्यातला ‘आजची’ हा शब्द काढला आणि तिथे तक्त्यातील तारीख टाकली. बदल एका ओळीचा होता.