टिक्स असताना एडीएचडीची गोळी चालते का?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुधा असा असतो: मूल नकळत पुन्हापुन्हा डोळे मिचकावतं, खांदा उडवतं (याच टिक्स), शिवाय अभ्यासात लक्ष नाही (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास), त्यावरचं नेहमीचं औषध मिथिलफेनिडेट दिलं तर टिक्स वाढतील का?

बहुतेक मुलांत नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दोन्ही त्रास असलेली 136 मुलं होती. टिक्स वाढल्याची तक्रार मिथिलफेनिडेट घेणाऱ्यांत 20 टक्के होती, तर औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 22 टक्के! टिक्सना मुळातच भरती-ओहोटी असते. गोळी भरतीच्या तोंडावर सुरू झाली की आळ तिच्यावर येतो. म्हणून आधी दोन-तीन आठवडे रोजची नोंद ठेवा. एखाद्या मुलात खरंच वाढतात. तेव्हा डॉक्टर डोस उतरवतात किंवा औषध बदलतात.

त्याच चाचणीत सर्वांत चांगला गुण आला तो मिथिलफेनिडेट आणि क्लोनिडीन एकत्र दिल्यावर. क्लोनिडीन हे मुळात रक्तदाब उतरवणारं औषध टिक्स आणि एडीएचडी या दोन्हीवर थोडंथोडं चालतं. सहसा रात्री 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मायक्रोग्रॅमची अर्धी गोळी देऊन सुरुवात होते आणि डोस हळूहळू वाढवतात. सुरुवातीला पेंग येते. रक्तदाब आणि नाडी तपासत राहावी लागते. खरी चूक पुढेच होते: गोळ्या संपतात, किंवा उलट्यांमुळे दोन दिवस पोटात ठरत नाहीत. अचानक खंड पडला तर रक्तदाब उसळतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि बंद करायची तर टप्प्याटप्प्यानेच.

टिक्समुळे मान दुखते, शाळेत बसवत नाही, अशी वेळ आली तर ॲरिपिप्राझोल, हे मानसिक आजारांतलं औषध टिक्सवरही देतात. 2 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. भूक आणि वजन वाढतं, कधी मूल एका जागी बसूच शकत नाही. ही बेचैनी एडीएचडीची समजून ॲरिपिप्राझोलचाच डोस वाढवला तर ती आणखी वाढते. (टिक्सचा मुलाला त्रासच नसेल, तर नुसत्या दिसतात म्हणून औषध नको. त्रास बेताचा असेल तर आधी सवय-बदल उपचार, म्हणजे टिक येतेय असं जाणवताच दुसरी हालचाल करायला शिकवणं.)

सोबत ओसीडी (नको ते विचार आणि तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागण्याचा आजार) असेल तर गोळ्यांची गाठ जपून घालावी लागते. ओसीडीवरच्या फ्लुओक्सेटिनमुळे ॲरिपिप्राझोल यकृतात लवकर मोडत नाही, म्हणून ॲरिपिप्राझोलचा डोस साधारण निम्मा करतात. टिक्सवरच्या पिमोझाइडबरोबर ओसीडीवरचं सर्ट्रालिन चालत नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही नाही. हृदयाची लय बिघडू शकते. घसा खाकरण्याची टिक खोकला समजून कुणी नेमकं हेच अँटिबायोटिक लिहून देऊ शकतं, तेव्हा चालू गोळ्यांची चिठ्ठी प्रत्येक डॉक्टरांसमोर ठेवा.